बिनपंख्याचं कार्ड

श्रीधर घैसासांना नव्या वस्तूंचा तिटकारा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. तिटकारा लपवायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. नारायण पेठेत जन्म, तिथेच शाळा, तिथेच लग्न, आणि पिंपरीच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं लेथवर. मग कंपनीने आपोआप चालणारी परदेशी मशिनं आणली, घैसासांच्या हातात व्हीआरएसचं पाकीट ठेवलं आणि नारळ देऊन निरोप दिला. त्या पैशांतून या गृहस्थाने काय काढावं? तर सायबर कॅफे! ज्या कम्प्युटरने नोकरी घालवली, त्याचेच आठ डबे मांडून हे बसले. त्यातली गंमत त्यांना कळत नव्हती असं नाही. पण स्वतःवर हसायची त्यांना सवय नव्हती. हसायला बाकीचं पुणं पुरत होतं.

साल दोन हजार एक. सकाळी अमेरिकेतल्या मुलाला ईमेल धाडायला आजोबा मंडळी यायची, एकेका अक्षरासाठी कीबोर्डभर बोट फिरवत. घैसास त्यांना म्हणायचे, "सावकाश होऊ द्या, तोवर मुलगाच येईल सुट्टीला." दुपारी कुणी ना कुणी नोकरीचे अर्ज भरायचं. त्यांना म्हणायचे, "भरा, भरा, आमच्या कंपनीतही असेच हौसेने भरले होते आम्ही." संध्याकाळी मात्र इंजिनियरिंगची मुलं यायची, गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला. त्यांच्यावरच कॅफे चालत होता. त्यामुळे घैसास त्यांना सगळ्यात जास्त टोचून बोलायचे.

समाधान गवई हा माणूस मात्र त्यांना लागायचाच. तो सहा कॅफेंची मशिनं सांभाळायचा. मोटारसायकलवर हिंडायचा, पाठीला पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि सुटे भाग. मूळचा वर्ध्याचा. वडील तिथे जिल्हा परिषदेत हेडक्लार्क. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून पुण्यात आला, त्याला आता आठ वर्षं झाली होती. मशीन उघडलं की दहा मिनिटांत दुखणं सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. घैसासांना त्याच्या कामात खोट सापडेना, म्हणून त्यांनी त्याची बोली धरली. "सर, मशीन चांगलं चालून राहिलं आहे," असं तो म्हणाला की हे गिऱ्हाइकांकडे बघत म्हणायचे, "राहू दे, राहू दे, जागा आहे आपल्याकडे." मुलं खो खो हसायची. समाधानही हसायचा. गेली दोन वर्षं हसत होता.

गणपती उठल्यावर समाधानने विषय काढला. धायरी फाट्याच्या पुढे, नव्या इमारतींच्या ओळीत एक गाळा रिकामा होता. जवळ कॉलेज, जवळच मुलांच्या खोल्या. तिथे वीस मशिनांचा, फक्त गेम खेळण्याचा कॅफे काढायचा. भांडवल घैसासांचं, मशिनांची जुळणी आणि रोजचं चालवणं समाधानचं, भागीदारी अर्धी-अर्धी.

"आणि पाटीवर दोघांचं नाव, सर," तो म्हणाला.

हे म्हणताना त्याचा आवाज जरा खाली गेला. आठ वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांतली मशिनं उघडून बंद करणाऱ्या माणसाला काय हवं होतं, ते घैसासांना त्या क्षणी कळलं. दुसऱ्याला काय हवंय हे कळलं, की ते त्याला लगेच द्यायचं नाही, हा घैसासांचा जुना स्वभाव.

"बघू," ते म्हणाले.

"फक्त वीसच्या वीस मशिनांत नवं ग्राफिक्स कार्ड घालावं लागेल. या जुन्यावर तिकडची पोरं येणार नाहीत."

झालं! घैसासांची तार तिथेच छेडली गेली. ग्राफिक्स कार्ड म्हणजे मशिनाच्या पोटातली ती पट्टी, जी पडद्यावरची हलती चित्रं काढते. घैसासांच्या आठही मशिनांत सोळा एमबीची कार्डं होती. चिपवर नुसता खाचांचा धातूचा ठोकळा, गरम झाला की आपला आपण निवायचा. समाधान म्हणत होता ते नवं कार्ड बत्तीस एमबीचं, आणि त्याच्या चिपवर इवलासा पंखा गरगरत असायचा.

"पंखा?" घैसास म्हणाले. "काम करायच्या आधीच ज्याला डोक्यावर पंखा लागतो, तो काम काय करणार? सरकारी कचेरीतला हेडक्लार्क आहे का तो?"

समाधान यावर हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तपकीर गल्लीतल्या कम्प्युटरच्या दुकानातून एक नवं कार्ड बोलीवर आणलं, पसंत पडलं तर ठेवायचं नाहीतर परत करायचं अशा बोलीवर, आणि तीन नंबरच्या मशिनात घातलं. शेजारचं चार नंबर जुन्या कार्डावर तसंच ठेवलं. दोन्हीकडे तोच गेम, तोच रस्ता, तीच लाल गाडी. जुन्यावर वळण आलं की गाडी अडखळायची, आणि लांबची झाडं जवळ गेल्यावर एकदम जमिनीतून उगवायची. नव्यावर रस्ता सरळ डोंगरापर्यंत दिसत होता. सेकंदाला किती चित्रं निघतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात होता. जुन्यावर सत्तावीस-अठ्ठावीस, नव्यावर एकसष्ट.

"काका, बॉनेटवर ढग दिसतायत! हलतायत पण!" शुभंकर ओरडला. हा तिसऱ्या वर्षाचा मुलगा, रोजचा, सगळ्या टोळक्याचा म्होरक्या.

"ढग बघायचे तर गच्चीत जा. फुकट दिसतात."

"आणि आकडा बघा ना काका. डबलच्या वर आहे!"

"डोळा तुझा एकच चित्र बघतो रे सोन्या. उरलेली साठ काय घरी डब्यात घालून नेणार?"

बोलायला घैसास कुणाला हार जाणारे नव्हते. पण त्या आठवड्यात रोज संध्याकाळी तीन नंबरपुढे रांग लागली, आणि चार नंबर रिकामं असलं तरी पोरं उभी राहून वाट बघायची. रिकाम्या खुर्चीकडे बघून घैसासांना आपली लेथ आठवायची. एकोणीस वर्षं ज्या लेथवर काढली, तिच्याकडेही शेवटच्या महिन्यात कुणी फिरकत नव्हतं. सगळे त्या परदेशी मशिनाच्या काचेला नाक लावून उभे. हे दुःख खरं होतं, त्यात खोटं काही नाही. पण दुःख खरं असलं म्हणून माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे?

शेवटी त्यांनी जाहीर केलं. दसऱ्याच्या दिवशी, भर कॅफेत, सगळ्यांसमोर जुनं आणि नवं शेजारी शेजारी तीन तास चालवायचं. नवं टिकलं आणि पुढे राहिलं, तर धायरीला होकार. नाही टिकलं, तर समाधानने पुन्हा हा विषय काढायचा नाही.

समाधान म्हणाला, "सर, दसऱ्याला मी नागपूरला असतो, दीक्षाभूमीवर. आईबाबा वर्ध्याहून येतात. आमच्या घरी हे कधी चुकत नाही. दोन दिवसांनी करू या का?"

"साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त तुझ्यासाठी पुढे ढकलू म्हणतोस? पंचांगवाल्यांना पत्र टाकतो."

समाधान म्हणाला, "मग तुम्हीच करा सर. मी नसलो तरी कार्ड तेच आहे." जाण्याआधी त्याने तीन नंबर दिवसभर चालवून बघितलं. ऑक्टोबरची काहिली होती, म्हणून डब्याचं बाजूचं झाकण काढून ठेवलं, आत हवा लागावी म्हणून. मग रात्रीच्या गाडीने गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आता घैसास देवभोळे होते असं कुणी म्हणणार नाही. पण ज्याच्यावर पोट चालतं त्या अवजाराची पूजा एकोणीस वर्षं कारखान्यात केली, ती इथेही केली. लेथला हार घालायचे तसा प्रत्येक डब्याला झेंडूचा हार. हार श्यामलावहिनींनी ओवले. या घैसासांच्या पत्नी. पोस्टात नोकरी, आणि संध्याकाळी कॅफेच्या गल्ल्यावर. बोलायच्या कमी, कारण घरात बोलण्याचं खातं पूर्ण भरलेलं होतं. तीन नंबरचा डबा उघडाच होता. घैसासांनी वाकून आत बोट घातलं आणि नव्या कार्डालासुद्धा हळदकुंकू लावलं. उगाच कुणी म्हणायला नको, जुन्याला लावलं आणि नव्याला नाही. वर हार घातला, तो थोडा आत लोंबला. पूजा झाली की त्या दिवशी अवजार चालवायचं नाही. सगळी मशिनं बंद ठेवून दोघं घरी गेले. दुष्टपणा म्हणावा तर त्यात कणभर नव्हता.

दसऱ्याला अकरा वाजता पंधरा-वीस पोरं जमली. सोनं वाटून झालं. घैसासांनी हार ओढून काढले आणि शर्यत सुरू केली. तीन नंबरवर शुभंकर, चारवर त्याचा एक मित्र. पहिली वीस मिनिटं शुभंकर शिट्ट्या मारत होता. मग पडद्यावर हिरव्या-तांबड्या रेघा आल्या, लाल गाडी रस्ता सोडून आभाळात जाऊन चिकटली आणि सगळं गोठलं. मशीन बंद करून चालू केलं. सहा मिनिटांत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पडदा काळाच राहिला.

चार नंबर आपलं सत्तावीस-अठ्ठावीसने रडतखडत चाललं होतं. एक वाजला, दोन वाजले, चाललंच होतं.

घैसासांना आनंदाचं भरतं आलं. "बघितलंत? बत्तीस एमबी! पंखेवाले! आभाळात पार्किंग केलंन् गाडीचं!" पोरं हसली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण हसणाऱ्यांसमोर थांबणं घैसासांना ठाऊक नव्हतं. "अरे, कार्डाला काय बोलायचं! लावणाऱ्याच्या हाताला गुणच नाही, त्याला कार्ड काय करणार? आणि आज नेमका तिकडे जाऊन बसलाय."

हसणं एकदम विरळ झालं. दोनतीन पोरांनी खाली बघितलं. गल्ल्यावरून श्यामलावहिनींनी मान वर केली आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. घैसासांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

पोरं जेवायला गेली, वहिनी थर्मासमध्ये चहा आणायला गेल्या, कॅफे रिकामा झाला. आता घैसास कितीही तिरके असले तरी हात कामगाराचा होता. मशीन बंद पडलं आणि आत बघितलं नाही, असं त्यांच्या हयातीत झालं नव्हतं. त्यांनी बॅटरी घेतली, तीन नंबरपाशी उकिडवे बसले आणि आत उजेड टाकला. आणि त्यांना सगळं दिसलं. हार ओढून काढताना त्याचा दोरा तुटून आत राहिला होता. पंख्याच्या आसाला त्याचे घट्ट वेढे बसले होते, मधे झेंडूच्या दोन पाकळ्या चेंगरून अडकल्या होत्या. पंखा जाम होता. बिचारं कार्ड तापून तापून बेशुद्ध पडलं होतं. शेजारच्या जुन्या कार्डाला पंखाच नव्हता, त्याला हाराने काय होणार? कार्ड हरलं नव्हतं, समाधान तर नव्हताच हरला. हरवलं होतं घैसासांच्या पूजेने.

त्यांनी गल्ल्यावर राहिलेल्या वहिनींच्या पर्समधला चिमटा घेतला, दोरा उलगडला, पाकळ्या काढल्या, बोटाने पंखा ढकलला. फिरला. मशीन चालू केलं. चाललं. मग जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतः खुर्चीत बसले आणि लाल गाडी हाकली. वळणं आली, घाट आला, दूरवर पाण्यात डोंगराची सावली हलत होती. कोपऱ्यातला आकडा एकसष्टवरून खाली येत नव्हता. बॉनेटवरचे ढग सरकत होते. सुंदर होतं. मेलं फार सुंदर होतं! एक तास घैसास खुर्चीतून उठले नाहीत.

आणि मग उठले, मशीन बंद केलं, दोरा नि पाकळ्या खिडकीतून बोळात टाकल्या, नवं कार्ड काढून खोक्यात घातलं आणि तीन नंबरला पुन्हा सोळा एमबीचं लावलं. वीस पोरांपुढे जे बोललो ते परत कसं घ्यायचं, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. धायरी नाही, समाधान नाही. ते वळले तर दारात श्यामलावहिनी चहाचा थर्मास घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. त्यांनी दोन कप भरले. दोघं चहा प्यायले.

समाधान तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा. पायरीवरच त्याला शुभंकर भेटला आणि काय झालं ते, हाताच्या गुणासकट, सांगून मोकळा झाला. समाधान आत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. कॅफे पोरांनी भरला होता. त्याने डबा वहिनींसमोर ठेवला, खोक्यातलं कार्ड काढून उजेडात उलटंसुलटं बघितलं.

"सर, एकच सांगा. पंखा फिरत होता का?"

बघा, किती सोपा प्रश्न. हो किंवा नाही. घैसासांनी पोरांकडे बघितलं.

"फिरत होता की."

"नीट फिरत होता? तुम्ही बघितला?"

"अरे, एकोणीस वर्षं मशिनांत गेली माझी. फिरतंय की नाही हे तू मला शिकवणार?"

समाधानने मान डोलावली. त्याचा विश्वास बसला, लगेच बसला, आणि इथे घैसासांना पहिल्यांदा स्वतःची किळस वाटली. "मग माझंच चुकलं सर. पंखा फिरूनही तापत असेल तर चिपच खराब. मी आणखी तपासायला हवं होतं. वीस मशिनांत हेच घातलं असतं तर तुमचं केवढं नुकसान झालं असतं." तो गल्ल्यावरच्या फोनपाशी गेला. "गाळ्याच्या मालकांना सांगून टाकतो. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक थांबलं आहे, माझ्यासाठी अडवून ठेवलं होतं त्यांनी."

तो नंबर फिरवत होता. अजून वेळ होता. एक शब्द पुरला असता. घैसासांच्या तोंडात शब्दांची कधी ददात नव्हती. पण तो एक काही निघाला नाही. फोनवर समाधान म्हणाला, "हो, द्या त्यांना. आमचं जमत नाही. त्रास दिला, माफ करा." फोन ठेवला. आणि घैसास काय म्हणाले? म्हणाले, "पुढच्या वेळी बोलायच्या आधी नीट बघत जा."

"पंखा फिरत नव्हता, समाधान."

श्यामलावहिनींचा आवाज मोठा नव्हता, पण आठही मशिनांवरची पोरं वळली.

"खंडेनवमीच्या हाराचा दोरा अडकला होता त्यात. यांनी तो चिमट्याने काढला. मग तासभर स्वतः गाडी चालवली, मजेत चालवली. मी दारात उभी होते. तीन दिवस वाट बघितली, हे आपणहून सांगतील म्हणून."

"अगं, तुला त्यातलं काय कळतं..." घैसासांनी सुरुवात केली, पण पोरांकडे बघून अर्ध्यावरच सोडलं.  मग एकदम खेळीमेळीचा आवाज काढून ते समाधानकडे वळले. "बरं, राहिलं. माणसाकडून होतं. आत्ताच्या आत्ता फोन कर त्या मालकाला, म्हणावं घेतो आम्ही. वीसच्या वीस नवी कार्डं घाल. पाटीवर तुझं नाव आधी, मग तर झालं?"

समाधान कार्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवत होता. त्याने ते शांतपणे बंद केलं, पिशवीत घातलं, पिशवी पाठीला लावली. रागावला असता, चार शब्द बोलला असता, तर घैसासांना बरं वाटलं असतं. भांडणात ते कधी उणे पडले नव्हते.

"नाही सर," तो म्हणाला. "जुनं चांगलं की नवं चांगलं, हे मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. माझ्या हाताला गुण आहे की नाही, तेही नाही. पंखा फिरत होता का, एवढंच विचारलं होतं."

वहिनींना नमस्कार करून तो पायऱ्या उतरला. खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला गेला.

घैसासांनी सवयीने पोरांकडे बघितलं. ओठांवर काहीतरी आलं होतं त्यांच्या, हसण्यासारखं. पण एकही चेहरा त्यांच्याकडे नव्हता. शुभंकरने गेम बंद केला, खुर्ची मागे सारली, दप्तर उचललं.

"काका, माझा तास संपला," तो म्हणाला.

त्याची अजून चाळीस मिनिटं बाकी होती.